चौदाव्या वर्षाचं माप

३ मार्च

टाचणी,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, त्याच्या मागच्यालाही नाही, तेव्हा उत्तराची वाट बघत मी काही डोळे लावून बसलेली नाही. पण पत्रं परत येत नाहीत, म्हणजे पोचतात. वाचतेस की दवाखान्यात तू कामाला आहेस त्या वॉर्डच्या खिडकीच्या फटी बुजवतेस, ते तुझं तुला ठाऊक. फोन केला की तू कापतेस. पत्राचं बरं असतं, ते मधेच कापता येत नाही, फार तर फाडता येतं.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण पायमशीन चालवताना गप्प बसतो, लबाड आहे. पुढच्या खोलीत दुकान तसंच आहे. तुझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली तरी त्यांची खुर्ची मी हलवलेली नाही, गिऱ्हाइकांना बसायला होते.

दादाची गुंडी आता चौदाची झाली. तू घर सोडलंस तेव्हा ती पाचची होती आणि दिवसातून चारदा बटणांचा डबा पालथा घालायची, त्यावरून तर हे नाव पडलं. आता माझे डोळे तीच. रोज सकाळी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवते, मग माझा दिवस निभतो. आधी शाळेला पळायच्या घाईत ओवायची, आता निवांत ओवते.

शाळा सुटली तिची. आठवीच्या पुढचे वर्ग पुलापलीकडे आणि पुलाच्या कठड्यावर टवाळ पोरं, तुला काय सांगायचं. त्यातला एक सायकलवरून तिच्या मागे पार आपल्या दारापर्यंत आला. तिने दगड उचलून हाणला, बरोबर कपाळाला लागला. पण दगड कोणी लक्षात ठेवला नाही, सायकल सगळ्या गल्लीने पाहिली. दादाने दुसऱ्या दिवसापासून तिला घरी बसवलं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. तिला स्थळ आलंय. मुलगा सव्वीसचा, ट्रकदुरुस्तीच्या कारखान्यात कायम आहे. माणसं बरी वाटली. तुझं मत विचारत नाही, कळवते आहे.

तुझी आई

ता. क. गुंडीचं माप घेतलं. सहजच.


१९ मार्च

टाचणी,

सहज कोणी माप घेत नाही. शिंपिणीच्या पोटी जन्मलेली तू, तुला ते वाचता क्षणीच कळलं असेल.

लग्न दहा मेला आहे. झगा मी शिवायचा. दादा कापड घेऊन आला, मशीनवर ठेवलं आणि दाराकडे बघत म्हणाला, "आई, जरा भरीव दिसू दे. कागदावर अठरा पूर्ण लावलेत. नोंदणीच्या साहेबाने मान वर करून बघितलंच तर पंचाईत नको."

मी म्हटलं, "मला जमेल का आता? डोळे गेले."

"तुला नाही जमणार तर कोणाला? अख्ख्या गल्लीला तुझा हात माहीत आहे."

आहेच माहीत. अस्तराच्या आत कापसाच्या दोन गाद्या, त्याही एकदम गोल नाहीत, गोल केल्या की खोटं उघडं पडतं. छातीचे टक्स अर्धा इंच खाली. खांद्याला पातळ पट्टी. गळा बंद, कारण पोरीचं वय सगळ्यात आधी मानेवर दिसतं. घेर जमिनीला टेकेल इतका, म्हणजे खाली चार बोटं टाचेच्या चपला चालतात. एवढं केलं की तेराची पोर एकोणीसची होऊन उभी राहते. बारा मुलींचे झगे मी असे शिवले. बायका म्हणायच्या, बाई, तुमच्या हातात जादू आहे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

बारातली पहिली तू.

तेव्हा काय काय होतं ते आठवून बघते. बाबांचा खोकला होता. डोळे मिटायच्या आधी मुलीचं लग्न बघायचं होतं त्यांना. डोळे मिटायची ज्यांना एवढी घाई, ते नंतर अकरा वर्षं टुणटुणीत जगले आणि शेवटपर्यंत जेवणात मीठ कमी म्हणून भांडले. पुलापलीकडची शाळा होती. कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी कोणाबरोबर तरी निघून गेली होती, त्याची धास्ती आम्हाला. तुझ्या सासूला घरात कामाचा हात हवा होता. "लहानच बरी, आपल्या वळणाची होते," म्हणाली ती. सगळ्यांकडे कारणं होती. मी ही सगळी त्यांच्या त्यांच्या नावावर टाकते आणि झोपून जाते. पण कात्री माझ्या हातात होती.

ट्रायलच्या वेळी तू या आरशासमोर उभी होतीस. छातीशी हात नेलास आणि हसायलाच लागलीस. "आई, हे माझं नाहीये."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तशीच म्हणाले, "होईल तुझं."

आणि बाजूच्या दोन्ही शिवणींत तीन-तीन बोटं माया सोडली. एवढं जादा कापड कोणी आत ठेवत नाही. मी म्हटलं, पोर वाढेल, तेव्हा उसवून सैल करू, कापड चांगलं आहे, दहा वर्षं जाईल.

गुंडीचं कापड अजून मशीनवर घडी करूनच ठेवलंय. आता बास.

तुझी आई


२ एप्रिल

टाचणी,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. तीनही वेळा गिऱ्हाईक आलं असं मला वाटलं आणि मी उठले. दारात कोणी नव्हतं.

तुला टेम्पोतून आणून दारात उतरवलं, त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. तुझ्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरला होता. तुझी सासू खालीसुद्धा उतरली नाही, टेम्पोतूनच म्हणाली, "तुमची मुलगी तुम्हाला." तुला तीन दिवस कळा येत होत्या, हे मला नंतर कळलं. सुईण म्हणत राहिली पहिलटकरणीला वेळ लागतोच, आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं तोवर बाळ गेलं होतं. तू पंधराची होतीस. डावा पाय ओढत चालत होतीस, अंगात रक्त नव्हतं, आणि कपडे ओले.

ते ओलं थांबलंच नाही. मी अस्तराच्या चिंध्यांच्या घड्या शिवून द्यायचे, दिवसाला वीस-वीस. तू धुवायचीस, वाळत घालायचीस, परत धुवायचीस. पाणी कमी प्यायला लागलीस, म्हणजे कमी भिजेल, त्याने उलट वास वाढला आणि कातडी सोलवटली.

दुकानात गिऱ्हाइकं नाक उडवायला लागली. एक बाई म्हणाली, "उंदीर मेलाय का हो कुठे?" मी म्हटलं, "असेल." त्याच दुपारी मी तुझी गादी उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चिंध्यांच्या पोत्यांपाशी टाकली. स्वतःची उशी स्वतः उचललीस.

गल्लीला सांगितलं, अंगावर खाज उठते, लागट आहे, लांब राहा. दादालाही तेच सांगितलं. तो तेव्हा बाहेरगावी कामाला, महिन्यातून एकदा यायचा, शेडच्या दारातूनच तुझी चौकशी करून जायचा. फक्त तुझ्या वहिनीला माहीत होतं. ती तुझं ताट घेऊन आत जायची आणि अर्धा-अर्धा तास बाहेर यायची नाही. मी तिला रागवायचे, पोर लहान आहे तुझी, तिला घेऊन तिथे काय बसतेस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चार वर्षं माझ्या मुठीत तू होतीस.

मग लहान मुलांना लस टोचायला त्या नर्सबाई आल्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी शेडचं दार उघडलं. पाच मिनिटांत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "अहो, हे बरं होतं. यावर ऑपरेशन आहे. चार वर्षांत कोणाला विचारलं नाहीत?"

मी कोणालाच विचारलं नव्हतं, टाचणी. विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागतं.

तुला तपासायला नेलं तेव्हा तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. पोरीला पाळी आली म्हणजे तिची हाडं झाली असं नसतं, म्हणाल्या. कमरेची हाडं पुढे कितीतरी वर्षं रुंदावत असतात. वाट अरुंद असली की बाळाचं डोकं अडकतं, दिवसचे दिवस तिथेच दाबून राहतं, मधल्या भागाचं रक्त थांबतं, तो भाग मरतो आणि भोक पडतं. मग लघवी धरून ठेवायला काही राहत नाही. पायाची नसही त्यातच दबते. वेळेवर पोट उघडून बाळ काढलं असतं तर दोघंही वाचली असती. "आणि मुळात चार-पाच वर्षं थांबला असतात तर," एवढं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी मान हलवली आणि बाहेर येऊन बाबांना सांगितलं, डॉक्टरांचं काही कळलं नाही बाई आपल्याला. खोटं होतं ते. कापड पुरत नसताना ओढून शिवलं की ते शिवणीपाशी फाटतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मग ऑपरेशनसाठी तिकडे राहायला निघालीस, तेव्हा गाडीत बसताना तू मला म्हणालीस, "तू येऊ नकोस." बरी होऊन तू तिथेच कामाला लागलीस, आणि मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगते, तिला तिकडे चांगली नोकरी लागली, सुट्टी मिळत नाही.

आई


११ एप्रिल

टाचणी,

झगा शिवला. तू आता कपाळाला हात लावशील, पण पुढचं वाच.

मी कापूस घातलाच नाही. गाद्या नाहीत, खांद्याला पट्टी नाही, गळा चांगला मोकळा ठेवला, आणि घेर घोट्याच्या वर, म्हणजे टाचेच्या चपला घातल्या तर उघड्या दिसाव्यात. गुंडी आहे तेवढीच, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. काल तिकडची मंडळी येणार होती, तेव्हा तिला तोच घालायला लावला. मनात म्हटलं, आता दिसू दे. दिसलं की बोलतील, बोलले की मोडेल. वयाच्या पासष्टाव्या वर्षी कट करते आहे म्हणून मला मनातून मजाही वाटत होती.

गुंडी बाहेर आली. चौदाची पोर चौदाची दिसत होती, खरं तर बाराची. गळ्याची हाडं वर आलेली, कोपरावर खरचटल्याची खपली. मी मुलाच्या आईकडे बघत बसले.

ती म्हणाली, "लहान चण आहे."

दादा घाईने म्हणाला, "अठरा पूर्ण आहे हो."

"असू दे हो," मुलाची आई म्हणाली, "वाढेल की आमच्याकडे. मीही अशीच आले होते." आणि चहाला साखर मागितली.

मुलाच्या बापाने मान डोलावली. मुलगा फोनमध्ये होता. मध्यस्थ म्हणाला, झगा छान शिवलाय. झालं. कोणाला धक्का नाही की काही नाही.

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. बारा झगे मी शिवले आणि मला वाटत राहिलं, मी लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकते. अगं, कोणीच फसलं नव्हतं. तुझी सासू फसली नव्हती, नोंदणीचा साहेब फसला नव्हता, बाबा तर नाहीच नाही. सगळ्यांना दिसत होतं. माझा कापूस फक्त एवढ्यासाठी होता की नंतर प्रत्येकाला म्हणता यावं, आम्हाला वाटलं मोठी आहे. अळीमिळी गुपचिळी, आणि त्या गुपचिळीला अस्तर लावायचं काम माझं.

म्हणजे दाखवून भागणार नाही. तोंडानेच सांगावं लागणार. पण सांगायचं काय? पेपरात येतं तसं सांगितलं की लोक म्हणतात, ते दुसऱ्यांच्या घरी होतं. सांगायचं तर तुझंच सांगावं लागेल. शेड, चिंध्या, बाळ, सगळं.

आणि ते माझं नाही, तुझं आहे. तुला न विचारता मी एकदा तुला मोठी केली, एकदा तुला लपवली. आता तिसऱ्यांदा तुला न विचारता चारचौघांत मांडणार नाही. पत्रात माझा पत्ता घातलेलं कार्ड ठेवलंय. त्यावर नुसतं हो किंवा नाही लिही. मंडळी चोवीस तारखेला परत येणार आहेत, सगळं पक्कं करायला. तू नाही म्हणालीस तर मी तुझं नाव काढणार नाही. मग दुसरं काय करायचं ते मला आज तरी सुचत नाही. शपथ.

गुंडी आजही दहा सुया ओवून गेली. तिने विचारलं, "आजी, लग्नानंतर तुझ्या सुया कोण ओवणार?" तिला तेवढीच काळजी आहे.

आई


२७ एप्रिल

टाचणी,

कार्ड आलं नाही. तेवीस तारखेला पार्सल आलं.

दोरी सोडली तर आत तुझा झगा. मला वाटलं होतं तू तो केव्हाच जाळला असशील. चिठ्ठी शोधायला मी पिशवी तीनदा उलटी केली, कागदाच्या घड्या मोडल्या, खोक्याच्या तळाचा पुठ्ठासुद्धा उचकटला. काही नव्हतं. मग झगा मांडीवर घेऊन उलटा केला, आपल्याला सवयच असते आधी आतून बघायची. गाद्या तशाच, कापूस पिवळा पडलेला. आणि बाजूच्या शिवणी. तीन-तीन बोटं कापड आत तसंच दुमडलेलं. माझाच दोरा, माझेच टाके. एकही उसवलेला नाही.

मी वाढेल म्हटलं होतं. तू त्यानंतर वाढलीच नाहीस.

तू तो का पाठवलास, मला नक्की कळलं नाही. हो म्हणून पाठवलास की तुझी घाण तू सांभाळ म्हणून? मी हो समजले. चुकले असेन तर ते माझ्या डोक्यावर, गुंडीच्या नको.

चोवीसला सगळे बसले होते. मी झगा नेऊन टेबलावर कपांच्या शेजारी उलटा पसरला. दादा म्हणाला, "आई, हे काय काढलंस मधेच?" मी म्हटलं, "बस. तुला लागट रोग म्हणून जे सांगितलं होतं, ते आज खरं सांगते."

आणि सांगितलं. माझा आवाज शिवणकामाच्या गप्पा मारताना असतो तसाच राहिला, त्याचं मलाच नवल वाटलं. तीन दिवसांच्या कळा सांगितल्या. बाळाचं सांगितलं. भोक कसं पडतं ते डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत सांगितलं. मध्यस्थ उठायला लागला, बायकी विषय म्हणून. मी म्हटलं, "लग्न जमवलंत तेव्हा नव्हता का बायकी विषय? बसा." शेडचं सांगितलं, आणि तुला तिथे कोणी ठेवलं तेही सांगितलं. ते सांगताना मात्र आवाज गेला.

मुलाची आई म्हणाली, "असं काय सगळ्यांनाच होतं का? मी पंधराची होते. माझी तीन धडधाकट आहेत."

"नाही होत सगळ्यांना," मी म्हटलं. "ज्यांना होतं त्यांना कोणी बाहेरच्या खोलीत बसवत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. तुमची तीन आहेत. बाळंतपणं किती झाली?"

तिने हात पुढे करून तुझ्या झग्याची ती आत दुमडलेली शिवण दोन बोटांत धरली. "पाच," म्हणाली.

दादाचा चेहरा मला बघवेना. तो म्हणाला, "चार वर्षं मी दारातून परत जायचो. तू मला आत जाऊ दिलं नाहीस." मग माझ्यावर ओरडला, खूप ओरडला, पाहुण्यांसमोर, आणि शेवटी परत त्याच जागी आला. "पण आता तारीख ठरलीय, शब्द दिलाय, लोक काय म्हणतील?"

तेव्हा तुझी वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं, गरीब आहे बिचारी. ती म्हणाली, "मी त्या शेडमध्ये बसलेली आहे. माझी मुलगी मी देणार नाही. शब्द तुम्ही दिला होता, मी दिला नव्हता."

आणि आत जाऊन दार लावून घेतलं. गुंडी आतच होती.

मंडळी गेली. जाताना मुलाची आई सगळ्यात शेवटी उठली. तिने झगा नीट घडी करून माझ्या हातात दिला.

दादा माझ्याशी बोलत नाही. ठीक आहे. न बोलण्याची मला तुझ्यामुळे सवय आहे.

आई


१० मे

टाचणी,

आज लग्न होतं. नाही झालं. आज सकाळी गुंडी आठच सुया ओवून पळाली, दोन तशाच राहिल्या.

शाळेला सुट्टी आहे, पण बुडालेला अभ्यास भरून काढायला बाई बोलावतात. दादा सायकल हातात धरून पुलापर्यंत बरोबर जातो. मुलीच्या चार पावलं मागे चालतो, कठड्यावरच्या पोरांकडे असा बघतो की ती आपली आपण उठून जातात. हे त्याला आधी करता आलं असतं, पण मी कोणत्या तोंडाने बोलू. काल त्याने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाला, "जेव." एवढंच. पण म्हणाला.

गल्लीत माझी शोभा झालीच आहे. काही बायकांनी कपडे टाकणं बंद केलं. आणि बारातली एक, चौथी, आता पंचविशीची असेल, ती परवा दुपारी आली. काही शिवायला नव्हतं तिच्याकडे. बाबांच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला अजून गळतं, थोडं. खोकलं की." मी नर्सबाईंचा नंबर दिला. तुमच्या दवाखान्यात येईल ती. जरा बघ तिच्याकडे.

माझ्या मापाच्या वहीत तुझं पान आहे. तीन वर्षांची होतीस तेव्हापासून दर वर्षाचं माप. चौदाव्या वर्षापाशी संपतं, पुढे पान कोरं आहे. मला तुझं आजचं माप हवंय. तुझ्यासाठी एक कामावर घालायचा झगा शिवावा म्हणते. रागावली असशील तर राहा रागावलेली, रागाचं आणि मापाचं काही भांडण नाही. तिथल्या कोणाकडून तरी टेप लावून घे आणि पाठव.

आई


१ जून

टाचणी,

तुझी मापं मिळाली.

कार्ड तेच, मी एप्रिलात पाठवलेलं. म्हणजे जपून ठेवलं होतंस. खांदा, छाती, कंबर, बाही, उंची. एकाखाली एक, तुझ्या त्याच उभ्या अक्षरात. वहीच्या कोऱ्या जागेत मी ती उतरवून घेतली आणि शेजारी चौदाव्या वर्षाची मापं बघितली. उंचीत अर्ध्या इंचाचा फरक आहे. छातीत एकाचा. मी वही मिटली आणि मशीनवर डोकं ठेवून रडले, सांगायला लाज वाटत नाही. गुंडी घाबरून वहिनीला बोलावून आली.

मग खालची ओळ वाचली. "दोन खिसे हवेत. मोठे."

नऊ वर्षांनी तू मला एवढंच म्हणालीस, आणि माझ्या जिवाला काय वाटलं ते तुला मी कसं सांगू. गिऱ्हाईक खिसे मागतं म्हणजे ते झगा घालणार असतं.

खिसे लावलेत. मोठे आहेत, तुमच्या वॉर्डची कात्री, पट्ट्या, थर्मामीटर, वर खायला काहीतरी, सगळं मावेल. डाव्या बाजूला घेर बोटभर उचललाय, पाय ओढताना अडकू नये म्हणून. कापूस कुठेच नाही. आत जादा कापडही सोडलेलं नाही. तू आहेस तेवढाच झगा आहे.

बाह्या मात्र नुसत्या टाचल्या आहेत. अंगावर घालून बघितल्याशिवाय मी बाही शिवत नाही, हे तुला माहीत आहे. तू येशील असं मी म्हणत नाही. झगा आणि सुई घेऊन मी तिकडे येते, पुढच्या सोमवारी, गुंडीला सुट्टी आहे, ती बरोबर असेल. दुपारच्या गाडीने पोचू.

तू येऊ नकोस म्हणाली होतीस, ते मी विसरलेली नाही. मी वॉर्डच्या दाराबाहेर उभी राहीन. गुंडी झगा घेऊन आत येईल, तिच्याकडून घालून बघ. बाही कुठे ओढते ते तिला सांग, ती खूण करून आणेल, मी बाहेर बाकावर बसून शिवून देईन. मला आत बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर बाहेर किती वेळ बसायचं, ते आता माझं मला ठरवू दे.

आई